कंडेन्सर बदलला, तर तो ॲम्प्लिफायर तोच राहतो का?

तत्त्वज्ञानाच्या माणसानं आज गिटारच्या ॲम्प्लिफायरवर बोलायचं ठरवलं, तेव्हा संयोजकांनी मला दोनदा फोन करून विषय नक्की हाच ना, असं विचारलं. (हशा) हाच. आणि तोही संगीताच्या अंगानं नाही, कारण गिटार मला वाजवता येत नाही. ज्यानं हे ॲम्प्लिफायर बनवले, त्या लिओ फेंडरलाही येत नव्हती, एवढाच काय तो मला आधार.

दोन वर्षांपूर्वी मुलीकडे कॅलिफोर्नियात गेलो होतो. जावयांकडे फेंडर कंपनीचा ‘चॅम्प’ नावाचा एक छोटा ॲम्प्लिफायर आहे, 1950च्या दशकाच्या अखेरीचा. त्यांच्या गिटारच्या मास्तरांनी जाताना त्यांना दिलेला. ट्वीडसारखं दिसणारं पिवळट कापड, आठ इंची एक स्पीकर, तीन व्हॉल्व्ह. त्यातून घूंऽऽ असा एक आवाज यायला लागला होता. गिटार न वाजवताही यायचा. मी म्हटलं, कंडेन्सर गेला! जावई बघतच राहिले, सासऱ्यांना हे कसं माहीत?

माहीत असणारच. आमच्या लहानपणी घरोघरी व्हॉल्व्हचे रेडिओ होते. बटण फिरवलं की अर्धं मिनिट थांबायचं, मग आवाज यायचा. काही वर्षांनी बातम्यांच्या मागे अशीच घरघर सुरू व्हायची, आणि दुरुस्तीवाला पाठीमागचा पुठ्ठा काढून तेच वाक्य म्हणायचा. पुस्तकात त्याला धारित्र म्हणतात. दुकानात धारित्र मागून बघा, कोणी देणार नाही.

तर हा कंडेन्सर म्हणजे काय? विजेची साठवण. 1745 साली पोमेरेनियात फॉन क्लाइस्ट आणि पाठोपाठ हॉलंडमधल्या लायडन गावी मुशेनब्रुक, अशा दोघांनी स्वतंत्रपणे पाण्याच्या बरणीत वीज साठवली, आणि दोघांनाही जबर झटका बसला. मुशेनब्रुकनं तर लिहून ठेवलंय की फ्रान्सचं राज्य दिलं तरी पुन्हा हा प्रयोग करणार नाही, अशा अर्थाचं. पण आपल्या गोष्टीतला कंडेन्सर वेगळ्या जातीचा आहे. कारोल पोलाक या पोलिश संशोधकानं 1896 साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा एक अतिशय पातळ थर, आणि त्याला लागून एक रसायन. तो थर म्हणजेच इन्सुलेशन. थर पातळ असल्यामुळे थोड्या जागेत खूप साठवण होते. 1920च्या दशकात रेडिओ बॅटरीवरून घरच्या विजेवर आले. घरची वीज सेकंदाला पन्नास वा साठ वेळा उलटसुलट होते, ती सरळ केली तरी तिच्यात लाटा राहतात. त्या लाटा सपाट करायला मोठे आणि स्वस्त कंडेन्सर हवे होते, ते या रीतीनं मिळाले. लाटा सपाट झाल्या नाहीत की आपल्याकडे शंभर आणि अमेरिकेत एकशेवीस हर्ट्झची घूं ऐकू येते.

आता यातली खुबी नीट ध्यानात घ्या, कारण पुढचा सगळा वाद तिच्यावर उभा आहे. तो ऑक्साइडचा थर कुठे झिजला, तर आतलं रसायन विजेच्या मदतीनं तो पुन्हा धरून देतं. हा भाग काम करता करता स्वतःची डागडुजी करत असतो! पण त्यासाठी रसायन ओलं हवं. ते वर्षानुवर्षं वाळत जातं. उष्णता दहा अंशांनी वाढली की आयुष्य निम्मं, असा कारागिरांचा ठोकताळा आहे, आणि व्हॉल्व्हच्या शेजारी उष्णतेला काय तोटा? पंधरा-वीस वर्षं हे त्याचं साधारण आयुष्य. साठ वर्षं टिकलेला मूळ कंडेन्सर हा चमत्कार म्हणा, नाहीतर बरेच दिवस न फुटलेला फटाका म्हणा.

लिओ फेंडर हा शिक्षणानं हिशेबनीस. मंदीच्या काळात नोकरी गेली, आणि 1938 साली त्यानं कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं. हे महत्त्वाचं आहे. दुरुस्ती करणारा माणूस वस्तू बनवायला लागला, की ती उघडता येईल अशी बनवतो. त्याच्या ॲम्प्लिफायरमध्ये सुटे भाग एका पट्टीवर ओळीनं हातानं जोडलेले असतात, कोणता व्हॉल्व्ह कुठे बसतो तो तक्ता आत चिकटवलेला असतो. उद्या कोणीतरी हे उघडणार आहे, हे त्यानं पहिल्या दिवसापासून धरलेलं होतं. त्याच्या ‘बासमन’ या ॲम्प्लिफायरचं सर्किट पाहून 1962 साली लंडनच्या जिम मार्शलच्या दुकानातल्या मंडळींनी आपला पहिला ॲम्प्लिफायर बांधला, आणि रॉक संगीताचा आवाज तिथून पुढे गेला. जानेवारी 1965मध्ये फेंडरनं कंपनी सीबीएसला विकली. त्यानंतरचा माल उतरला असं वाजवणाऱ्यांचं मत पडलं, आणि आधीच्या वस्तूंना ‘जुनं ते सोनं’चा भाव आला. भाव आला की ‘मूळ’ हा शब्द येतो. मूळ कापड, मूळ स्पीकर, मूळ कंडेन्सर!

जावयांची अडचण हीच होती. दुरुस्ती करणाऱ्यानं सांगितलं की कंडेन्सर बदला. दुसऱ्या एका ओळखीच्यानं सांगितलं की बदललेत तर किंमत जाईल. आणि खरी गोष्ट त्यांनी मला रात्री जेवणानंतर सांगितली. ते म्हणाले, “बाबा, किंमत गेली तर जाऊ दे. पण सरांचा आवाज जाईल.”

तुमच्यापैकी अनेकांना थिसियसचं जहाज आठवलं असेल. फळ्या एकेक करून बदलल्या, तर जहाज तेच का, हा प्लुटार्कनं नोंदवलेला प्रश्न. हॉब्जनं 1655 साली त्यात भर घातली : काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि त्यांचंच जहाज बांधलं तर? आपल्याकडे मिलिंदपञ्हात नागसेन राजाला विचारतो, रथ म्हणजे चाक का, आस का, दांडी का? कशालाच रथ म्हणता येत नाही, रथ हे त्या जुळणीला दिलेलं नाव आहे. पस्तीस वर्षं मी हे वर्गात शिकवलं. पण त्या रात्री प्रथमच जाणवलं, की या सगळ्या कोड्यांत फळ्या सारख्याच धरलेल्या आहेत. ॲम्प्लिफायरमध्ये तसं नाही. काही भाग टिकण्यासाठी केलेले असतात, काही संपण्यासाठी. ट्रान्सफॉर्मर पहिल्या जातीचा. वीज सपाट करणारा कंडेन्सर दुसऱ्या जातीचा, दिव्यातल्या वातीसारखा. जुनी वात जपली म्हणून कोणी दिवा जपला असं म्हणत नाही.

आणि ही वात धोक्याची आहे. थर फुटला तर आतून शॉर्ट होतो, आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. म्हणजे मूळ कंडेन्सर वाचवायला जाऊन मूळ ट्रान्सफॉर्मर गमावायचा. त्या काळच्या बऱ्याच ॲम्प्लिफायरमध्ये आणखी एक छोटा कंडेन्सर विजेच्या तारेतून थेट धातूच्या सांगाड्याला जोडलेला असे. तो निकामी झाला तर गिटारच्या तारांना हात लावणाऱ्यालाच झटका. कारागीर त्याला सरळ ‘मृत्यूचा कंडेन्सर’ म्हणतात, आणि तीन पिनांची वायर बसवताना काढून टाकतात. तिथे मूळपणाचा हट्ट धरणाऱ्याशी मी वाद घालणार नाही, हातच जोडीन.

चॅम्पमध्ये कंडेन्सर एकूण सहा. त्यातले चार रसायनाचे, ते बदलायचं ठरलं. उरलेले दोन आवाज एका टप्प्यातून दुसऱ्यात नेणारे. ते गळायला लागले तर पुढच्या व्हॉल्व्हवर नको ती वीज जाते आणि तो लाल होतो. कारागिरानं मोजलं, गळती नव्हती. ते ठेवले. या माणसाचं मला कौतुक वाटलं, सरसकट सगळं बदलणारे पुष्कळ असतात.

मी पाहायला गेलो. त्यानं आधी वायर काढली, मग एक रेझिस्टर लावून साठलेली वीज उतरवली, मीटरवर शून्य दिसेपर्यंत हात घातला नाही. तीनशेहून अधिक व्होल्ट असतात, बंद केल्यावरही राहू शकतात. आत सांगाड्यावर एक चिकटपट्टी होती, तिच्यावर पेन्सिलनं एका बाईचं नाव. फुलर्टनच्या कारखान्यात जोडकाम बरंचसं बायका करत, त्यांतल्या कित्येक मेक्सिकन वंशाच्या. पट्टीवर जोडणारीचं नाव असे. माझा सिद्धान्त इथे थोडा डळमळला. कंडेन्सर ही वात खरी, पण त्याचे सांधे तिच्या हातचे होते. कंडेन्सर निघाला की ते सांधेही वितळले. मी काही बोललो नाही.

काही लोक जुन्या कंडेन्सरची पुठ्ठ्याची नळी पोखरून आत नवा घालतात, म्हणजे बाहेरून मूळच दिसावा. विकणाऱ्यानं हे सांगितलं नाही तर फसवणूक, सांगितलं तर शृंगार. जावयांनी नको म्हटलं.

पहिल्यांदा वाजवला तेव्हा घरघर गेली होती, पण ते नाराज दिसले. आवाज ताठ झाला म्हणाले. कारागिरानं 16 मायक्रोफॅरडच्या जागी 22चा बसवला होता. साठवण वाढली की जोरात वाजवताना वीज पूर्वीइतकी खचत नाही, आणि त्या खचण्यातच सरांचा तो मऊपणा होता. मी म्हटलं, मग 16चाच बसवा. बसवला. आता कसा आहे, हे मला कानानं सांगता येणार नाही. जावई रोज वाजवतात.

काढलेले चारही कंडेन्सर कारागिरानं एका पिशवीत घालून दिले. तशी तिकडे रीतच आहे. पिशवी ॲम्प्लिफायरच्या पेटीतच, मागच्या फळीशी ठेवली आहे. हॉब्जचं दुसरं जहाज पहिल्याच्या पोटात.