आकड्यांची ओळ : मापापासून सरावापर्यंत

१८८७ साली लंडनच्या ‘माइंड’ या त्रैमासिकात जोसेफ जेकब्स यांनी एक साधी चाचणी मांडली. एकाने आकडे म्हणायचे, दुसऱ्याने ते त्याच क्रमाने परत म्हणायचे. न चुकता जेवढे जमतील तेवढी त्याची धारणा. त्यापाठोपाठ फ्रान्सिस गाल्टन यांचे टिपण आहे. अर्लस्वूड आणि डॅरेन्थ येथील, त्या काळच्या भाषेत ‘जडबुद्धीं’च्या, आश्रमांत हीच चाचणी घेतल्याचा वृत्तान्त त्यात येतो. ‘युजेनिक्स’ हा शब्द गाल्टन यांनी चारच वर्षांपूर्वी घडवला होता. ते ध्यानात ठेवूनच मी हे टिपण वाचतो.

अर्लस्वूडला १८५८ ते १८६८ या काळात जॉन लँग्डन डाउन अधीक्षक होते. १८६६ मध्ये त्यांनी वर्णिलेल्या मुलांना आज आपण डाउन सिंड्रोमची मुले म्हणतो. त्या निबंधातले वांशिक वर्गीकरण आता वाचवत नाही. पण ही मुले नकला छान करतात, शिकवले तर पुष्कळ शिकतात, हेही त्यातच आहे. एकविसाव्या गुणसूत्राची जादा प्रत हे कारण १९५९ मध्ये लजून, गोतिए आणि तुर्पां यांनी प्रसिद्ध केले.

पुढे दिसून आले की, ऐकलेले शब्द वा आकडे धरून ठेवणे या मुलांना विशेष जड जाते. पाहिलेल्या जागा त्या मानाने बऱ्या लक्षात राहतात. जेकब्स यांची चाचणी कानाची होती. (आपले पाढेही कानाचेच!)

एकविसाव्या शतकाच्या आरंभी स्टॉकहोमच्या टोर्केल क्लिंगबर्ग यांनी मापालाच सराव केले. पडद्यावर खुणा क्रमाने उजळतात, मुलाने त्याच क्रमाने त्या दाखवायच्या. जमले की ओळ लांबते, चुकले की आखूड होते. हा सराव आधी अवधानाच्या अडचणी असलेल्या मुलांसाठी होता. २०१३ मध्ये बेनेट, होम्स आणि बक्ली यांनी डाउन सिंड्रोमच्या ७ ते १२ वर्षांच्या २१ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सराव शाळेतच, मदतनीस शिक्षकांच्या देखरेखीखाली, १० ते १६ आठवडे चालला. पाहिलेले लक्षात ठेवणे सुधारले, आणि चार महिन्यांनंतरही ते टिकून होते.

मात्र त्याच वर्षी मेल्बी-लेर्वोग आणि ह्यूम यांनी अशा सरावांवरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले. फायदा सरावासारख्याच कामांपुरता राहतो, वाचन-गणितापर्यंत पोचत नाही, असे त्यांना आढळले. म्हणून पालकांना ‘बुद्धी वाढेल’ असे सांगून हा सराव विकणे मला गैर वाटते. बसचा क्रमांक लक्षात राहायला हवा असेल, तर मुलाला बसथांब्यावरच न्यावे लागेल.