सूप: ताकद पाण्यात की चोथ्यात?

"डॉक्टर, बाबांना रोज चिकन सूप देतोय, तरी अशक्तपणा जातच नाही." टायफॉइडमधून उठलेल्या एका आजोबांचा मुलगा सांगत होता. सूप कसं करता, असं विचारल्यावर उलगडा झाला. चिकन उकळून गाळलेलं पाणी आजोबांना आणि मांस बाकीच्यांच्या ताटात! "सगळी ताकद पाण्यात उतरते ना?" हा त्याचा प्रश्न.

त्याला हसू नका. याच समजुतीने युरोपातले मोठमोठे शास्त्रज्ञही फसले होते.

1679 साली दनी पापँ या फ्रेंच संशोधकाने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे घट्ट झाकणाचं एक भांडं मांडलं. आपल्या प्रेशर कुकरचं हे पूर्वज. त्यात हाडंसुद्धा मऊ होत. फुकट जाणाऱ्या हाडांतून गरिबांचं पोट भरेल, ही कल्पना पुढे फ्रान्समध्ये रुजली. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या रुग्णालयांत हाडांतल्या जिलेटिनचं सूप रुग्णांना दिलं जाऊ लागलं. त्यावरून वाद पेटला, तेव्हा शरीरशास्त्रज्ञ फ्रान्स्वा माजांदी यांच्या समितीने चौकशी केली. 1841 चा त्यांचा अहवाल स्पष्ट होता: नुसत्या जिलेटिनवर कुत्रे जगत नाहीत. कारण कळायला आणखी साठ वर्षं गेली. 1901 साली केंब्रिजच्या हॉपकिन्स यांनी ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल शोधलं. शरीराला ते अन्नातूनच मिळावं लागतं आणि जिलेटिनमध्ये ते नसतं. पाया सुपावर विसंबणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

दुसरी गोष्ट जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांची. 1847 मध्ये त्यांनी मांसाचा अर्क काढण्याची पद्धत मांडली. पुढे उरुग्वेमध्ये त्याचा कारखानाच उभा राहिला. सुमारे 30 किलो मांसातून 1 किलो अर्क निघे, आणि तो आजाऱ्यांसाठी शक्तिवर्धक म्हणून खपे. पण मांस तापलं की त्यातली बहुतेक प्रथिनं गोठून तंतूंतच राहतात. पाण्यात उतरतात ते मुख्यतः क्षार, चव आणि थोडं जिलेटिन. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी 'नोट्स ऑन नर्सिंग' या पुस्तकात तेव्हाच बजावलं होतं की असं मांसाचं पाणी आटवून पाहा, तळाशी जेमतेम चमचाभरच उरतं.

मग पातळ सूप निरुपयोगी का? नाही. तापात पाणी आणि मीठ मिळतं, भूक चाळवते, घशाला बरं वाटतं. पहिले एक-दोन दिवस ते जरूर द्या. पण झीज भरून काढायला चोथा पोटात जायलाच हवा.

त्यासाठी खिम्याचं दाट सूप उत्तम. अमेरिकेत घरोघरी टर्कीच्या खिम्याचं करतात. आपल्याकडे चिकनचा खिमा घ्या. चमचाभर तेलात कांदा-लसूण परतून 250 ग्रॅम खिमा घाला. गुलाबीपणा पूर्ण जाईपर्यंत परता, कारण कच्च्या खिम्यात जंतू आतपर्यंत मिसळलेले असतात. मग गाजर, दुधी, टोमॅटो, मूठभर भिजवलेली मसूर डाळ आणि लिटरभर पाणी घालून डाळ शिजेपर्यंत उकळा. वरून मिरपूड, बेताचं मीठ. चार वाट्या होतात, आणि नुसत्या खिम्यातूनच सुमारे 45 ग्रॅम प्रथिनं मिळतात. गाळायचं मात्र नाही! शाकाहारी मंडळींनी मूगडाळ आणि कुस्करलेलं पनीर वापरावं.

मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनांचं प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. रक्तदाब असेल तर मीठ कमी आणि विकतचे सूप क्यूब टाळलेलेच बरे.

त्या आजोबांचं गाळणं बंद झालं. महिन्याभराने ते मुलाचा हात न धरता दवाखान्याचा जिना चढून आले.