नकाशात शेत दिसतं, शेतकरी दिसत नाही

अमेरिकन लष्कराच्या नकाशा विभागाने १९५० च्या दशकात भारताचे भूरचना नकाशे छापले. आधार होता सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या नकाशांचा. आज ते ऑनलाइन कुणालाही फुकट बघता येतात. त्यात आपला ठाणे-कल्याणचा भाग बघा. खाडी, डोंगर, रेल्वेची रेघ आणि विखुरलेली गावं. आपण म्हणतो, "काय होतं आणि काय झालं!"

मला मात्र त्यात काय नाही, ते टोचतं.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या एक इंच म्हणजे एक मैल या नकाशात एका चौरस इंचात ६४० एकर बसतात. दोन एकर भातशेती असलेला शेतकरी म्हणजे टाचणीचं डोकं. अमेरिकन नकाशात तर त्याचाही सोळावा हिस्सा! बांध, वाटे-हिस्से, कुळ, मालक, काहीच दिसत नाही. दिसणारही नाही, कारण हे नकाशे 'इथे काय आहे' एवढंच सांगतात. 'कुणाचं आहे' हे नाही.

हा फरक किती महागात पडतो, ते कल्याणजवळच्या नेवाळीला विचारा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी तिथल्या शेतजमिनी धावपट्टीसाठी घेतल्या. युद्ध संपलं, ब्रिटिश गेले. शेतकरी म्हणतात, जमीन युद्धापुरती घेतली होती, परत द्या. नौदल म्हणतं, जमीन संरक्षण खात्याची. २२ जून २०१७ ला कुंपणाच्या भिंतीवरून आंदोलन पेटलं. गाड्या जळल्या, पोलीस आणि आंदोलक दोघेही जखमी झाले.

नकाशावर धावपट्टी दाखवून हा वाद मिटत नाही, आणि जुनं शेत दाखवूनही नाही. उत्तर असतं ते कागदात. भूसंपादनाची अधिसूचना निघाली होती का? निवाडा झाला का? मोबदला कुणाच्या हातात पडला? फेरफार कधी आणि कशाच्या आधारे झाला?

आता विरार-अलिबाग कॉरिडॉर, कल्याण ग्रोथ सेंटर अशी नावं आपल्या गावांवर पडली आहेत. तेव्हा मंडळी, जुना नकाशा कौतुकाने जरूर शेअर करा. पण त्याआधी तलाठी कार्यालयातून आणि भूमी अभिलेखातून जुना सातबारा, फेरफार आणि मोजणीचं टिपण काढून ठेवा. आजोबांना नावानिशी ओळखणारा कागद तोच आहे.