रोशाच्या तेलाचा हिशेब

सूरजागडचे नाव आज निघते ते लोहखनिजासाठी. रानातून काय न्यायचे, मागे काय ठेवायचे, हा वाद मात्र महाराष्ट्राला नवा नाही. त्याचा एक सुगंधी दाखला खानदेशात सापडतो: रोशा गवताचे, म्हणजे तिखाडीचे तेल.

१८८० च्या खानदेश गॅझेटिअरमध्ये या धंद्याचे बारकाईने वर्णन आहे. पावसाळा सरला की ओढ्याकाठी चूल मांडत. लोखंडी हंड्यात पाणी आणि ठासून गवत भरायचे, झाकण पिठाने लिंपायचे. झाकणातून निघालेल्या पोकळ बांबूचे दुसरे टोक तांब्याच्या भांड्यात आणि ते भांडे वाहत्या पाण्यात दाबून बसवलेले. वाफ तिथे निवे, तेल वर तरंगे, ते पळीने काढून घेत. ऑक्टोबर ते डिसेंबर, ऐन दिवाळीतसुद्धा, भट्ट्या रात्रंदिवस पेटलेल्या असत. मुंबईहून हे तेल तांबड्या समुद्रामार्गे तुर्कस्तानात जाई आणि गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरले जाई.

रीत निर्मळ होती. रसायन नाही, यंत्र नाही, थंडावा ओढ्याचा. तरीही गवत आटले. १८७९-८० मध्ये १९७ भट्ट्या चालल्या आणि तेल निघाले सुमारे ७१ हंड्रेडवेट, म्हणजे ३,६०० किलोच्या आसपास. भट्टीमागे जेमतेम १८ किलो.  धंद्याचे मूळ ठाणे पिंपळनेर. तिथे गवत विरळ झाल्यावर भट्ट्या नंदुरबार, शहादा, तळोद्याकडे सरकल्या. तेल मुख्यतः फुलोऱ्यात असते. फुलोरा सरसकट कापला, तर बी पडणार कुठून?

आज वाफ वेगळ्या बॉयलरमधून सोडता येते, उकळलेले गवत वाळवून सरपणाला वापरता येते. त्याने लाकूड वाचते; पण किती कापायचे हे भट्टी ठरवत नाही. ते रानाचा धनी ठरवतो. खानदेशातल्या भट्टीवाल्याला पुढच्या वर्षीच्या गवताची हमी नव्हती, मग तो राखणार कोणासाठी?

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरची मालकी गावांना दिली. गडचिरोलीच्याच मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ पासून गाव आपला बांबू स्वतः विकू लागले. रोशाही त्याच न्यायाने राखता येईल: काही पट्टे कापायचे, काही बियांसाठी सोडायचे. मुळे शाबूत असतील तर गवत पावसाबरोबर परत येते. सूरजागडच्या डोंगरातून गेलेले खनिज तसे परत येत नाही.