शेवट ओळखला म्हणजे नेमकं काय केलं?

जुना ब्रिटिश रहस्यपट बघून उठलेला माणूस बहुतेक वेळा एकच वाक्य बोलतो, "मला आधीच माहीत होतं." तुम्ही रिसर्चची तयारी करत असाल, पेट देऊन झाली असेल किंवा सिनॉप्सिसची जुळवाजुळव चालू असेल, तर या वाक्याकडे जरा संशयाने बघा. हेच वाक्य थोडे कपडे बदलून तुमच्या थिसिसच्या शेवटच्या प्रकरणात येऊन बसतं. म्हणून आज एका सिनेमाचा शेवट सोलून बघू. (शेवट सांगणारच आहे. सिनेमा जवळपास शंभर वर्षांचा आहे, तेव्हा तक्रार चालणार नाही.)

सिनेमा आहे 'द लॉजर', प्रदर्शित झाला १९२७ मध्ये, दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक. मूकपट. लंडनमध्ये दर मंगळवारी एका सोनेरी केसांच्या मुलीचा खून होतोय. खुनी स्वतःला 'अॅव्हेंजर' म्हणवतो. अशात एका कुटुंबाकडे भाड्याने खोली मागायला एक तरुण येतो, तोंडावर मफलर गुंडाळलेला. खोलीतल्या सोनेरी केसांच्या बायकांच्या तसबिरी त्याला सहन होत नाहीत. रात्री गुपचूप बाहेर पडतो. घरमालकाच्या मुलीचे केसही सोनेरी, आणि तिला तो आवडायला लागतो. सगळा पुरावा त्याच्याविरुद्ध. शेवटी कळतं, तो खुनी नाहीच. त्याच्या बहिणीचा पहिला बळी गेला होता आणि तो स्वतःच खुन्याच्या मागावर होता.

आजच्या प्रेक्षकाला हे पंधराव्या मिनिटाला कळतं. पण कशावरून? कथेतल्या कुठल्या धाग्यावरून नाही, तर नटावरून. भाडेकरू झालाय आयव्हर नोव्हेलो, त्या काळातला ब्रिटनचा लाडका देखणा हिरो. त्याला खुनी ठरवलं असतं तर प्रेक्षक रुसला असता. मारी बेलॉक लाउंड्सची मूळ कादंबरी १९१३ ची, १८८८ च्या जॅक द रिपर प्रकरणावर बेतलेली, आणि तिच्यात संशयाची सुई भाडेकरूवरच थांबते. म्हणजे कथेने एक शेवट दिला होता आणि नटाने तो बदलायला लावला. हिचकॉकने पुढे फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत हेच सांगितलं. त्याला तो माणूस अंधारात निघून गेलेला दाखवायचा होता, खुनी की निर्दोष हे न सांगता. पण स्टार असल्यामुळे ते शक्य नव्हतं.

इथे थांबून विचार करा. 'स्टार निर्दोष असतो' हे आपलं हायपोथेसिस झालं. ते तपासणार कसं? नशिबाने याच कथेवर आणखी सिनेमे निघाले. १९३२ मध्ये बोलपट आला, त्यात पुन्हा नोव्हेलो, पुन्हा निर्दोष. १९४४ मध्ये अमेरिकेत लेअर्ड क्रेगरला घेऊन केला, अंगाने भरलेला, खलनायकी भूमिकांसाठी ओळखला जाणारा नट. तिथे भाडेकरूच खुनी. १९५३ मध्ये 'मॅन इन द अॅटिक', त्यात जॅक पॅलन्स, तोही खुनीच. कथा तीच, नट बदलला की शेवट बदलला. प्रयोगशाळेत एक व्हेरिएबल हलवून बघावा तसंच वाटतं ना?

वाटतं, पण तेवढं साफ नाही. आरआरसीसमोर हे मांडलं तर पहिला प्रश्न येईल: नटामुळे शेवट ठरला, की आधी खुनी शेवट ठरवून मग त्याला शोभेल असा नट घेतला? १९४४ आणि १९५३ बद्दल दुसरी शक्यता चांगलीच दमदार आहे. देश बदलला, काळ बदलला, मूकपटाचा बोलपट झाला, म्हणजे एक नाही, चार व्हेरिएबल हलले. १९२७ बद्दल आपल्याकडे हिचकॉकची साक्ष आहे, पण ती मुलाखत १९६२ ची, घटनेनंतर पस्तीस वर्षांनी दिलेली. शेवट माहीत असलेल्या माणसाने सांगितलेली सुरुवात आहे ती. मी तिला पुरावा मानतो, पण कादंबरीपेक्षा हलका. कादंबरी सिनेमाच्या आधी छापली गेली होती, तिला सिनेमाचा शेवट ठाऊक असणं शक्य नाही.

आता आपल्याकडे या. १९६४ चा मराठी 'पाठलाग', दिग्दर्शक राजा परांजपे, जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवरून. दोनच वर्षांनी राज खोसलांनी त्यावरून हिंदीत 'मेरा साया' केला, साधना आणि सुनील दत्तला घेऊन. बरेलीच्या बाजारातल्या झुमक्याच्या गाण्यामुळे तो तुमच्या घरच्या मोठ्यांना नक्की आठवत असेल. वकिलाची बायको त्याच्या डोळ्यांदेखत वारते. मग पोलीस एका दरोडेखोर बाईला पकडतात. ती हुबेहूब बायकोसारखी, आणि म्हणते, मीच तुमची पत्नी. कोर्टात तिची उलटतपासणी होते आणि ती नवरा-बायकोलाच माहीत असाव्यात अशा गोष्टी सांगत सुटते.

'पाठलाग'मध्ये काशिनाथ घाणेकर आणि भावना आहेत. शेवट काय असणार? नायिका दरोडेखोर निघून जेलमध्ये गेली आणि 'समाप्त'ची पाटी आली, असं १९६४ मध्ये कोण करणार होतं? मेली ती जुळी बहीण. नोव्हेलोचा नियम इथे साडी नेसून आलाय इतकंच. तरीही सिनेमा चालतो, कारण कोर्टातल्या त्या प्रसंगांत 'ती कोण' यापेक्षा 'तिला हे कसं माहीत' हा प्रश्न आपल्याला धरून ठेवतो. शेवट ठाऊक असूनही वाट ठाऊक नसते. माझ्या मते 'द लॉजर'पेक्षा 'पाठलाग' इथे वरचढ आहे.

म्हणजे शेवट ओळखण्याचे दोन प्रकार झाले. एक, शेवट यायच्या आधी, स्वतंत्र नियमावरून ओळखणं. दुसरा, शेवट कळल्यावर मागे वळून सगळे धागे त्याच्याकडेच जात होते असं वाटणं. बारुख फिशहॉफ आणि रुथ बेथ यांनी हा दुसरा प्रकार १९७५ मध्ये मोजून दाखवला. १९७२ च्या निक्सनच्या चीन आणि रशिया दौऱ्यांआधी विद्यार्थ्यांकडून कशाची किती शक्यता वाटते ते लिहून घेतलं. दौरे झाल्यावर त्यांना आपलेच आकडे आठवायला सांगितले. जे घडलं होतं त्याला आपण मुळातच जास्त शक्यता दिली होती, असं बहुतेकांना आठवलं. कोणी खोटं बोलत नव्हतं बरं का.

हे सिनेमापुरतं राहिलं असतं तर मी लिहिलं नसतं. आपल्या भागात याचं फार जड उदाहरण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, हजारो माणसं गेली. आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, किल्लारी परिसरात लहान हादरे बसले होते. आज लातूरकडे कुणालाही विचारा, उत्तर येतं, "जमीन सांगत होती, कुणी ऐकलं नाही." ज्यांनी घरची माणसं गमावली त्यांच्या तोंडी हे वाक्य यावं यात काही चूक नाही. पण संशोधकाने ते जसंच्या तसं उचलू नये. तेव्हाच्या नकाशात हा भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या झोनमध्ये होता. शास्त्रज्ञाच्या हातात १९९२ मध्ये होते ते हादरे आणि हा नकाशा. १९९३ नव्हतं.

आणि दुसरी केस बघा, ती नांदेडची आहे. २००६ च्या अखेरीपासून नांदेड शहरात जमिनीतून आवाज आणि छोटे हादरे सुरू झाले, पुढे काही वर्षं अधूनमधून चालले. लोक रात्री घराबाहेर झोपायला लागले. किल्लारी आठवत होती ना! पण त्यापाठोपाठ मोठा भूकंप झाला नाही. म्हणून 'जमीन सांगत होती' ही गोष्ट नांदेडबद्दल कुणी सांगत नाही. लहान हादऱ्यांवरून मोठा भूकंप ओळखता येतो का, हे तपासायचं तर किल्लारी आणि नांदेड दोन्ही एकाच तक्त्यात लागतात, शिवाय जिथे हादरे बसलेच नाहीत आणि तरी भूकंप झाला अशी गावंही. ज्यांचा शेवट थरारक नाही अशा केस आपण गोळाच करत नाही. लिटरेचर रिव्ह्यूमध्ये हे भोक हमखास सापडतं. तुमच्या विषयात शोधा, बहुतेक मिळेल.

यावर एक साधा उपाय १९६५ च्या एका ब्रिटिश सिनेमाने गंमत म्हणून केला होता. अगाथा ख्रिस्तीच्या कथेवरचा 'टेन लिटल इंडियन्स'. शेवटाच्या थोडं आधी सिनेमा साठ सेकंद थांबतो, पडद्यावर घड्याळ येतं, आतापर्यंतचे बळी पुन्हा दाखवतात आणि प्रेक्षकाला सांगतात, ओळखा खुनी कोण. तुम्ही डेटा उघडण्याआधी हेच करा. वहीत तारीख टाका, काय निघेल असं वाटतं आणि कशावरून वाटतं ते दोन ओळींत लिहा, गाइडला मेल करून ठेवा. मेलवर तारीख आपोआप पडते, नंतर आठवणीला हात मारायला जागा उरत नाही.

त्या साठ सेकंदांत कादंबरी वाचलेला प्रेक्षक निम्मा फसला असणार. १९३९ च्या कादंबरीत बेटावरचं कुणीच वाचत नाही. पण १९४३ च्या नाटकासाठी ख्रिस्तीबाईंनी स्वतःच शेवट बदलून दोघांना जिवंत ठेवलं आणि सिनेमाने नाटकाचा शेवट घेतला. पुस्तक न वाचलेला, फक्त पोस्टरवरचा हिरो आणि हिरॉइन बघून आत शिरलेला माणूस मात्र कोण वाचणार हे बरोबर सांगून गेला असेल. त्याच वर्षी राजा नवाथेंनी त्याच कथेच्या धाग्यावर हिंदीत 'गुमनाम' केला, मनोज कुमार आणि नंदाला घेऊन. ते दोघं वाचतात का, हे बघायच्या आधी वहीत लिहून ठेवा.