ओला चुना, कोरडा चुना

रात्रीचे तीन. झोपेत उजव्या कुशीवर वळलात आणि खांद्यात तापलेली सळई फिरल्यासारखं झालं. हात वर जात नाही. पांघरूणसुद्धा डाव्या हातानं ओढावं लागतं. काल कुठे पडला नाहीत, जड काही उचललं नाहीत. आता हा खांदा घेऊनच निघायचं आहे, दुसरं सामान नको.

पहिला मुक्काम पॅरिस, 1872. सर्जन सिमों-एमान्युएल द्युप्ले तुमचा हात हलकेच बाजूला उचलतात आणि तुम्ही किंचाळता. त्यांच्यापाशी स्वतःची बोटं आहेत आणि शवविच्छेदनात पाहिलेलं आहे, जिवंत माणसाच्या आत डोकावायची सोय नाही. तरी एक गोष्ट ते बरोबर ओळखतात: बिघाड सांध्यात नाही, सांध्याभोवतीच्या मऊ भागात आहे. याच वर्षी ते तसं छापतात आणि दुखण्याला नाव देतात, पेरिआर्थ्रायटिस. या एका पोत्यात पुढे कित्येक वर्षं खांद्याची नाना दुखणी कोंबली गेली. त्यांचा उपाय म्हणजे भूल देऊन हात जोरानं फिरवायचा आणि आत चिकटलेलं सोडवायचं. तुम्ही काढता पाय घ्या.

1895 अखेरचं व्ह्युर्त्सबुर्ग, जिथे राँटगेन यांना एक्स-रे सापडले, ते खिडकीतूनच पाहू. राँटगेनबाईंच्या अंगठीवाल्या हाताचा फोटो शाळेच्या पुस्तकात होता, त्यासाठी थांबायला नको.

थांबायचं आहे ते बॉस्टनला, 1907 च्या सुमारास. तुम्ही लाकडी टेबलावर उताणे पडला आहात. पाठीखाली काचेची थंडगार प्लेट, वर काचेचा फुगा. कॉइल तडतडू लागते, फुगा हिरवट उजळतो, हवेला विजेचा वास येतो. हलू नका. प्लेट काळ्या खोलीत जाते आणि लाल दिव्याखाली तुमचं दंडाचं हाड हळूहळू वर येतं. हाडाच्या गोल डोक्याच्या जरा वर, जिथे काहीच दिसायला नको तिथे, तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका. चार्ल्स पेंटर यांनी असे ठिपके याच शहरात 1907 साली छापून दाखवले.

ठिपका दिसला, पण तो नेमका कशात आहे? खांद्याच्या छपराखाली एक पातळ पिशवी असते, बर्सा. तिच्या लगेच खाली सुप्रास्पायनेटस स्नायूचा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा पांढरा पट्टा. दोघांत अंतर जवळजवळ नाहीच. एक्स-रे सगळं एका पातळीत चपटं करून टाकतो, त्यामुळे सावली दोन्हीकडे सारखीच पडणार. बहुतेकांनी बर्सावर खापर फोडलं.

अर्नेस्ट अमोरी कॉडमन यांना ते पटलं नाही. हा सर्जन सुरुवातीच्या काळात स्वतः एक्स-रे काढणारा. 1902 साली त्यांनी एक्स-रेच्या भाजण्यांच्या तोवर नोंदलेल्या हकिगती जमवून तपासल्या होत्या, तेव्हा या किरणांचं कौतुक आणि धाक दोन्ही त्यांना ठाऊक. ते खांदा उघडतात, स्नायूचे धागे बाजूला सारतात, पिशवी कापतात. पिशवीत काही नाही. तिच्या तळाखाली मात्र, टेंडनच्या आत, गळवासारखा पांढरा फुगवटा. टोचला की आतून चुना बाहेर येतो.

कॉडमन यांचं दुसरं वेड असं, की ऑपरेशन झालेल्या प्रत्येक रुग्णाचं पुढे काय झालं ते इस्पितळानं विचारलंच पाहिजे. त्यासाठी त्यांनी सहकाऱ्यांशी उभा दावा मांडला आणि मानाच्या जागा गमावल्या. 1940 मध्ये ते गेले, तेव्हा थडग्यावर नावाचा दगडही नव्हता. तो 2014 साली बसला.

आता न्यूयॉर्क, 1941. रांगेत उभे राहा. विमा कंपनीचे कारकून आणि टायपिस्ट बाया एकामागून एक अंधाऱ्या खोलीत शिरताहेत. बोर्डमन बॉसवर्थ फ्लुरोस्कोपच्या, म्हणजे चालत्या एक्स-रेच्या, हिरवट पडद्यावर खांदे पाहतात. हात आत वळवा, बाहेर वळवा. हाड फिरतं आणि ठिपका असलाच तर त्याच्याबरोबर सरकतो. या रांगेतली माणसं दुखतंय म्हणून आलेली नाहीत, यातच तिचं मोल आहे. 6,061 माणसं, 12,122 खांदे. त्यातल्या 2.7 टक्के माणसांत कॅल्शिअम सापडलं. तुमच्या पुढच्या बाईच्या खांद्यात ठिपका ठळक दिसतो. ‘दुखतो का?’ ती मान हलवते. नाही, कधीच नाही. तुम्ही आपला ठणकता खांदा धरून तिच्याकडे बघत राहता.

तिचा का दुखत नाही आणि तुमचा का दुखतो, याच्या उत्तरासाठी 1970 च्या दशकातल्या ओटावात जाऊ. हान्स उथॉफ सूक्ष्मदर्शकाखाली टेंडनचे काप ठेवतात. कॅल्शिअम बाहेरून येऊन चिकटत नाही. टेंडनच्या पेशीच रूप बदलतात, कूर्चेसारख्या होतात आणि तिथे क्षार साठतो. मग तो बराच काळ गप्प पडून राहतो. एके दिवशी शरीराला जाग येते, भोवती नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि पेशी तो साठा खाऊ लागतात. ठणका लागतो तो बहुतेकदा तेव्हा.

पानाच्या डब्यातला चुना आठवा. वाळून खडा झालेला चुना म्हणजे गप्प काळ. फिल्मवर तो घट्ट, पांढराशुभ्र, रेखीव कडेचा. ओला, मलईसारखा चुना म्हणजे शरीर साफसफाईला लागलेलं. फिल्मवर तो ढगासारखा विरळ, कड पुसलेली. म्हणजे चित्र फिकट आणि दुखणं तेज. रिपोर्टमधला ‘कॅल्शिअम’ हा एकच शब्द वाचून घाबरणाऱ्यांनी किंवा निर्धास्त होणाऱ्यांनी हा उलटा हिशेब ध्यानात घ्यावा. आणि दूध सोडू नये. या चुन्याचा तुमच्या दुधाच्या पेल्याशी संबंध नाही.

परत आलात. सोनोग्राफीची खोली, खांद्यावर गार जेली. ‘हात मागच्या खिशावर ठेवा, कोपर मागे.’ असं केलं की टेंडन छपराखालून पुढे येतो. पडद्यावर पांढरी कमान उमटते. चुना कडक असेल तर तिच्यामागे काळी सावली, ओला असेल तर सावली फिकी किंवा नाहीच. डॉपलर लावल्यावर कडेला रंगीत ठिपके लुकलुकले, तर तिथे रक्त धावतंय. एमआरआय महाग म्हणून चांगला, असं इथे समजू नका. त्यात टेंडनही काळा आणि कॅल्शिअमही काळं, छोटा साठा सहज निसटतो. साधा एक्स-रे तो झटकन दाखवतो.

गरज पडली तर याच पडद्यावर बघत डॉक्टर सुई घालतात, सलाइन आत सोडतात आणि परत ओढतात. सिरिंजमध्ये ताकासारखं पांढरं पाणी येतं.

एका फिल्मवरून चुना वाळतोय की विरतोय हे नेहमीच कळत नाही, वेगवेगळ्या वेळच्या दोन शेजारी लावल्या की बरंच कळतं. तेव्हा कपाटावरचा जुन्या एक्स-रेचा लिफाफा रद्दीत घालू नका. खांद्याच्या तपासणीला जाल तेव्हा बरोबर न्या.