अप्पर क्लॅमथ सरोवरातील शैवालबहर

अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातील या विस्तीर्ण पण उथळ सरोवरात दर उन्हाळ्यात होणारी नीलहरित शैवालाची दाट वाढ. मुख्य जाती ॲफॅनिझोमेनॉन फ्लॉस-ॲक्वी. ओंजळीत पाणी घेतले, तर कापलेल्या गवताच्या कातरणासारखे हिरवे तुकडे तरंगताना दिसतात. इथल्या ज्वालामुखीजन्य मातीत फॉस्फरस मुळातच भरपूर. काठच्या पाणथळ जमिनी शेतीसाठी कोरड्या केल्याने त्यात भर पडली. हवेतील नायट्रोजन बांधून घेत असल्याने या शैवालाचे नायट्रोजनावाचून अडत नाही. भर बहरात पाण्याचा सामू 9 च्या वर जातो. बहर ओसरून शैवाल कुजू लागले, की पाण्यातील प्राणवायू घटतो. क्लॅमथ आदिवासींना पवित्र असलेले, 1988 पासून संकटग्रस्त यादीत असलेले च्वाम व कोप्तू मासे अशा वेळी मरतात. सर्वांत मोठी हानी हीच. 1907 पासून वाहणाऱ्या ‘ए’ कालव्यातून हेच पाणी शेतांना मिळते. संथ पाटांत शेवाळ व पाणवनस्पती माजून जाळ्या आणि पंप तुंबतात. सरोवरातील नीलहरित शैवाल सुकवून आहारपूरक म्हणून विकतातही. मात्र त्याच्या जोडीला विष निर्माण करणारी मायक्रोसिस्टिस प्रजातीही वाढते. पाण्यावर हिरवी साय दिसली, तर त्यात उतरू नये. जनावरांनाही ते पाजू नये.